तक्त्यातली शेवटची ओळ

दर दहा वर्षांनी आमचे कार्यालय आडनावांचा तक्ता छापते. कोणत्या आडनावाची माणसे किती आणि मागच्या खेपेस किती होती, एवढेच त्यात असते. नियम एकच: पाचांहून कमी माणसे उरलेले आडनाव छापायचे नाही; त्या माणसांना शेवटच्या ओळीत, ‘इतर’मध्ये ढकलायचे. हा तक्ता मी जुळवतो. यंदा आमच्या आडनावापुढे चार हा आकडा आला. काका, काकू, आई आणि मी.

काका पितळी पाट्या कोरतात. सर्रास आढळणाऱ्या आडनावांच्या पाट्या त्यांच्या दुकानात आधीच कोरून ठेवलेल्या असतात, थप्पी लावून. तसे गिऱ्हाईक आले की काका वर न पाहताच हात मागे नेतात आणि म्हणतात, "तुमचं तयारच असतं." ऐकणाऱ्याला वाटावे, आपला जन्मही असाच थप्पीतून काढून कुणी हातावर ठेवला. आमच्या आडनावाची पाटी उभ्या शहरात एकच, काकांच्या दारावर.

पणजोबांच्या तक्त्यात आम्ही तीनशे बारा होतो. मग एकशे चाळीस, मग सदतीस, मग नऊ. ना साथ आली, ना युद्ध झाले. आम्ही फक्त एकमेकांना आडनावातून हाकलत गेलो. एका चुलत आजोबांनी पाट्या सोडून कुलपे विकायला घेतली, म्हणून त्यांना वकिलाची नोटीस गेली. दुसऱ्यांनी भरल्या ताटावर आजोबांचा शब्द खोडला, म्हणून त्यांनाही. काकांनी पोटच्या मुलीलाही सोडले नाही. ताईने लग्न केले ते तक्त्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या आडनावाशी. "आमचं नाव त्या गर्दीत न्यायचं नाही," काका म्हणाले होते, "इथेच ठेवून जा." ताईने ते ठेवले, भाड्याचे घर सोडताना किल्ली ठेवावी, तसे.

"कमी होतोय म्हणजे भाव वाढतोय," असे काका इतकी वर्षे सांगत आले. सोमवारी मी आकडा सांगितला आणि भाव कोसळला.

"तक्ता तुझ्याच हातात आहे ना? कर चाराचे पाच."

"पाचवा कोण, काका?"

"तू लग्न कर."

"शुक्रवारी तक्ता छापायला जातो."

"म्हणजे चार दिवस आहेत की!"

मुलगी तीन दिवसांत सापडली नाही. तेव्हा गुरुवारी काका, काकू आणि मी ताईच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. नावबदलाच्या अर्जाचे दोन कोरे कागद मी जवळ ठेवले होते. एक खराब झाला तर दुसरा असावा. काका चौदा वर्षांनी ती पायरी चढत होते. काकूने मात्र आत शिरताच कपाटामागच्या खुंटीला पिशवी अडकवली.

"तुला खुंटी कशी ठाऊक?"

"दर गुरुवारी डोळ्यांत औषध घालायला कुठे जाते वाटलं तुम्हाला?"

ताईने काकांना तपासणीच्या खुर्चीत बसवले. "बाप म्हणून आलात की गिऱ्हाईक म्हणून?"

"नाव परत घे."

"तुम्हीच ठेवून घेतलंत ना?"

"जपून ठेवलं. आणि तुला मुलं दोन आहेत. त्यातलं एखादं तरी..."

"बाबा, ती थप्पीतली नाहीत, काढून द्यायला." तिने त्यांच्या नाकावर लोखंडी चौकट चढवली, समोरचा दिवा लावला. "शेवटची ओळ वाचा."

काका पुढे झुकले. त्या उजेडात त्यांचा चेहरा पुसून पुसून अक्षरे झिजलेल्या पितळेसारखा दिसला.

"दिसत नाही."

"तिच्या वरची?"

"तीही नाही." मग ते फार हळू म्हणाले, "मला शेवटच्या ओळीत टाकू नका गं."

ताईने हात पुढे केला. मी कागद दिला. "माझं काय जातंय," सही करत ती म्हणाली, "दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘चष्मे’ आहे."

काका लगेच ताठ झाले. "अक्षर नीट काढ. हे काही कुणाचंही आडनाव नाही."

मग काकूने मला विचारले, "दुसरा कागद कोराच आहे ना रे?"

"हो, काकू."

"आण इकडे. माहेरचं नाव परत घेता येतं?"

"येतं."

"अगं, पण मग पुन्हा चारच!" काका चौकटीसकट उठले.

"माझ्या माहेरचे सहा हजारांवर आहेत," काकू सही करत म्हणाली. "पाटीचीही अडचण नाही. तुम्ही फक्त हात मागे न्यायचा."

शुक्रवारी तक्ता छापायला गेला. संध्याकाळी काकांचा फोन आला.

"इतरांत किती आहेत?"

"अकरा हजार तीनशे सात."

"एवढे?" त्यांच्या आवाजात मोठ्या घराण्याचा दिमाख क्षणभर चमकून गेला. "त्यात आपण कितवे?"

"इतरांत क्रम नसतो, काका."

काकूने पाटी मागितलीच नाही. थप्पीतून स्वतः काढून तिने ती त्याच दारावर, आमच्या पाटीच्या वर ठोकली. पितळ पुसण्याचे काम पहिल्यापासून काकांचे. वरच्या पाटीसाठी त्यांना आता स्टूल लागते.