जवळचा खांब

जानेवारीतल्या एका शनिवारी डगने मैदानाच्या दोन्ही बाजूंना टॉवेल टांगले, तेव्हा क्रेग टॅटरसॉल बूट बांधायचे सोडून त्याच्याकडे गेला.

डग हा कॉल्डरवर्थ टाउन या फुटबॉल क्लबच्या खेळाडूंचे कपडे आणि बूट सांभाळायचा. रेषेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत फेकताना लांब थ्रो टाकणाऱ्याला तो कोरडा लागतो, म्हणून जाहिरातींच्या फळ्यांवर टॉवेल टांगायचं कामही त्याचंच. पण आजवर ते फक्त उजव्या बाजूला असायचे. क्रेग उजवीकडचा बचावपटू होता आणि संघात लांब थ्रो टाकणारा तो एकटाच. डावीकडे थ्रो मिळाला की जवळ असेल तो टाकून मोकळा व्हायचा. चौतिसाव्या वर्षी सगळं मैदान ओलांडून धावत जाणं क्रेगने सोडून दिलं होतं.

"तिकडे कोणासाठी रे?" त्याने विचारलं.

"पोरासाठी. बॉसने सांगितलंय, आजपासून दोन्हीकडून तोच टाकणार." डग टॉवेलची घडी सरळ करत होता. "काल सरावात त्याने टाकलेला बघितलास ना? थेट गोलच्या लांबच्या खांबापर्यंत! दोरी ताणल्यासारखा!"

"मागून वारा होता."

"टॅट्स, काल सराव हॉलमध्ये झाला."

पोरगा म्हणजे जेरेल ओफोरी. वय एकोणीस. लंडनच्या एका मोठ्या क्लबाने त्याला हंगाम संपेपर्यंत उसनं दिलं होतं. त्या क्लबात त्याला खेळायला मिळत नव्हतं आणि कॉल्डरवर्थला चौथ्या श्रेणीच्या तळातून वर यायला कोणीतरी हवं होतं.

क्रेगला कोणीच कधी उसनं दिलं नव्हतं. त्याला सोडूनच दिलं जायचं. सतरा वर्षांत अकरा क्लब झाले होते, आणि त्यातल्या प्रत्येकाने त्याला घेतलं ते थ्रोसाठी. त्याचा वेग बेताचा होता, डावा पाय नावालाच होता आणि हेडिंग तर लहानपणापासून कच्चं होतं. पण रेषेवर उभा राहून तो चेंडू डोक्यामागून असा भिरकावायचा की तो गोलच्या तोंडाशी जाऊन पडायचा. प्रत्येक नव्या गावात पहिल्या सामन्यात लोक "ओऽऽ" करायचे. दोन हंगामांत त्यांना सवय व्हायची, आणि मग क्रेगचं सामान पुन्हा गाडीत भरलं जायचं.

कॉल्डरवर्थमध्ये मात्र त्याची बायको शेलीने पहिल्यांदाच भिंतीला रंग लावला होता. बारा वर्षांची फ्रेया पाचव्या शाळेत होती आणि या शाळेत तिला दोन मैत्रिणी आणि गावच्या बँडमध्ये वाजवायला ट्रॉम्बोन मिळाला होता. "आता परत नाही हलायचं, क्रेग," शेलीने सांगून ठेवलं होतं. "तू जा हवं तर. आम्ही इथेच." बॉसही, म्हणजे प्रशिक्षक ग्रिमशॉ, स्पष्ट बोलला होता: संघ चौथ्या श्रेणीत टिकला तर क्रेगला आणखी एक वर्ष, घसरला तर सगळ्यांनाच रामराम.

त्या शनिवारी जेरेलच्या दुसऱ्याच थ्रोवर गोल झाला. पॅव्हेलियनमधून "ओऽऽ" आलं. तो आवाज क्रेगच्या ओळखीचा होता. आपल्या घरात दुसऱ्याने आपली चप्पल घालून फिरावं, तसं त्याला वाटलं.

वर आणखी एक गोष्ट झाली. जेरेलला गाडी चालवता येत नव्हती आणि तो भाड्याने राहायचा ते घर क्रेगच्या वाटेवर होतं.

"तूच आणत जा त्याला," ग्रिमशॉ म्हणाला.

"मीच का?"

"कारण बाकीचे त्याला बिघडवतील. तू कंटाळवाणा आहेस."

तेव्हापासून रोज सकाळी पोरगा शेजारच्या सीटवर यायचा, सीट मागे ढकलायचा, रेडिओ बदलायचा आणि कुरकुरीत चिप्सचं पाकीट फोडायचा. क्रेगची गाडी अकरा वर्षं जुनी होती, पण तिच्यात चिप्सचा चुरा कधी पडला नव्हता.

"आजोबा, हिला हीटर आहे की नुसतंच बटण?"

"आजोबा कोणाला म्हणतोस?"

"चिडलात होय? बरं, काका."

क्रेग चिडला की पोरगा हसायचा, आणि हसताना तो इतका निर्मळ दिसायचा की चिडणाराच खोटा पडायचा. क्रेगला तेही सहन व्हायचं नाही.

एकदा सिग्नलला थांबलेले असताना जेरेल स्वतःहूनच सांगू लागला. "तुमचा थ्रो उंच जातो, मग खाली येतो. तोवर त्यांचे बचाववाले जागा धरतात. मी सुटताना बोटांनी उलटी फिरकी देतो. मग तो हवेत पडत नाही, सपाट जातो. बघा." त्याने चिप्सचं रिकामं पाकीट चुरगळून हवेत फिरवलं.

क्रेगला हे कळायला हवं होतं. सतरा वर्षं तो खांद्यांनी आणि कमरेने टाकत आला होता. बोटांचा विचार त्याने कधी केलाच नव्हता. त्याला विचारायचं होतं की अंगठा कुठे ठेवतोस. त्याने विचारलं नाही.

"फिरकीचं काय एवढं," तो म्हणाला. "कोणाच्या डोक्याला लागला की मेली फिरकी."

"हो, लागला की लगेच कळतं. फिरकी जाते, चेंडू डगमगतो. पण खरं सांगू? तो नियमच मूर्ख आहे. थ्रो थेट गोलमध्ये गेला तर गोल का नाही धरायचा? मी टाकू शकतो थेट आत."

"टाक की. रेफरी समोरच्यांना गोल किक देईल आणि बॉस तुला बसने लंडनला धाडेल."

"एकदा तरी टाकायचाय," जेरेल म्हणाला. सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचा हॉर्न वाजवत होता.

फेब्रुवारीत शेलीने त्याला जेवायला बोलावलं. वर बटाट्याचा थर देऊन भाजलेला खिमा त्याने तीनदा वाढून घेतला. फ्रेयाने त्याला ट्रॉम्बोन वाजवून दाखवला. वडिलांसाठी ती कधी वाजवत नसे, तिला लाज वाटायची. जेरेलने वाजवून बघितला तेव्हा हंबरल्यासारखा आवाज निघाला आणि मायलेकी टेबलावर डोकं टेकून हसल्या. क्रेग उठला आणि कोणी न सांगता भांडी घासायला लागला.

"किती गोड पोरगा आहे," रात्री शेली म्हणाली.

"गाडीत चुरा सांडतो."

"मग झाडून घे." ती त्याच्याकडे बघत राहिली. "क्रेग, तो एकोणीस वर्षांचा आहे रे."

तेच तर दुखत होतं.

मार्चमध्ये ग्रिमशॉने क्रेगला नवं काम दिलं. जेरेल थ्रो टाकायचा तेव्हा क्रेगने गोलच्या जवळच्या खांबापाशी उभं राहायचं आणि चेंडूला डोक्याचा हलका स्पर्श करून तो मागे ढकलायचा.

"बॉस, मी आणि हेडिंग?"

"जोरात मारायचा नाहीये. नुसता लागायला हवा. थ्रो कुठे पडतो हे तुझ्याएवढं कोणाला कळतं?"

इतकी वर्षं क्रेगने थ्रो टाकले होते. त्यांच्याखाली उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली. तिथे काय असतं ते त्याला आता कळलं: पाठीत कोपर, पायावर बूट, कानाशी गोलरक्षकाच्या शिव्या, आणि समोरून येणारा तो सपाट, थरथर न करणारा चेंडू. दोन महिन्यांत त्याच्या डोक्याला लागून एकही गोल झाला नाही. तीन-चारदा चेंडू डोक्यावरून गेला. एकदा कानाला लागला, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत जेरेलने तोच कान बघत विचारलं, "या बाजूने ऐकू येतंय ना, काका?"

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी घरच्या मैदानावर हेस्कम रोव्हर्सविरुद्ध जिंकणं भाग होतं. बरोबरी झाली तरी कॉल्डरवर्थ घसरणार होतं. ऊन पडलं होतं, गवत कोरडं होतं, तरी डगने टॉवेल टांगले होते. फ्रेया आईबरोबर गोलच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती.

सामना शेवटाला आला तरी गोल नव्हता. लोक गायचे थांबले होते. अशा वेळी उजव्या बाजूला, क्रेगच्या जुन्या जागी, थ्रो मिळाला. जेरेलने चेंडू उचलला, फळीवरचा टॉवेल ओढला आणि कोरडाच चेंडू पुसला. क्रेगचा टॉवेल. निळ्या कडेचा, कोपऱ्यात विरलेला.

क्रेग जवळच्या खांबाकडे धावला. बचाववाल्याने त्याच्या सदऱ्याला मूठ घातली होती. चेंडू सुटला आणि सुटताक्षणीच क्रेगला कळलं की इतका चांगला थ्रो आपण आयुष्यात टाकलेला नाही, बघितलेलाही नाही. तो त्याच्या कपाळाच्या उंचीवर येत होता. त्याला काहीच करायचं नव्हतं. फक्त डोकं होतं तिथे ठेवायचं होतं.

आणि त्याने डोकं मागे घेतलं.

विचार असा नव्हताच. आली ती एक तिडीक: घरात हा, गाडीत हा, माझ्या टॉवेलवर हा, आणि आता माझ्या कपाळावरही हाच. मान बोटभर मागे गेली. चेंडू भुवईपुढून, वारा लागेल इतक्या जवळून गेला. क्रेगचं डोकं लागणारच असं धरून गोलरक्षक पलीकडे झेपावला होता. चेंडू मोकळ्या जागेत एक टप्पा घेऊन जाळीत गेला.

सगळ्यांना नियम माहीत होता. थ्रो कोणाला लागला का?

रेफरीने क्रेगकडे बघितलं. क्रेगला रेफरीच्या खांद्यावरून पायऱ्या दिसल्या, त्यात फ्रेयाचा पिवळा मफलर दिसला. आपण काय केलं हे त्याला तेव्हा कळलं. भिंतीचा रंग, दोन मैत्रिणी, ट्रॉम्बोन. त्याने दोन्ही हात वर केले आणि पायऱ्यांच्या दिशेने धावत सुटला.

"लागला नाही! अरे, लागला नाही त्याला!" हेस्कमचा गोलरक्षक रेफरीच्या मागे धावत ओरडत होता. "केसालाही लागला नाही!"

"त्याला केस आहेत कुठे?" कोणीतरी पायऱ्यांवरून ओरडलं, आणि अख्खा स्टँड हसला. रेफरीने लाइन्समनकडे बघितलं. लाइन्समनसमोर चार खेळाडूंच्या पाठी होत्या. रेफरीने मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवलं. गोल.

शिट्टी वाजेपर्यंत गाणं तयार झालं होतं:

टॅट्सचं डोकं, सोन्याचं डोकं,
पडत्या गावाला यानेच रोखलं!

ड्रेसिंग रूममध्ये डगने त्याच्या टकलाचा मुका घेतला. ग्रिमशॉ भिजलेल्या डोळ्यांनी म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो? नुसता लागायला हवा! पुढच्या वर्षीही जवळचा खांब तुझाच. थ्रोचं बघू, कोणीतरी आणू." जेरेलच्या पाठीवर दोघांनी थापा मारल्या, "छान टाकलास रे" म्हणाले आणि परत क्रेगकडे वळले. हंगामभर क्रेगला हेच हवं होतं. त्याने जेरेलकडे बघितलं. पोरगा बूट सोडत, गाण्याच्या ठेक्यावर मान हलवत होता.

घरी जाताना जेरेलने रेडिओ लावला नाही. चिप्सही फोडल्या नाहीत. सोमवारी तो लंडनला जाणार होता. तो म्हणाला, "काका, लागला का?"

"लागला."

"कुठे?"

"भुवईला. डाव्या."

"अच्छा." जेरेल खिडकीबाहेर बघत राहिला. "मी मागून बघत होतो. फिरकी तशीच होती. टप्पा पडेपर्यंत."

क्रेगने गिअर बदलला. गरज नव्हती.

"मी कोणाला सांगणार नाही," जेरेल म्हणाला. "सांगून काय? गोल काढून घेतील आणि तुम्हाला क्लबातून काढतील." मग त्याला हसू आलं, तेच निर्मळ. "पण थेट आत टाकला ना मी? टाकला!"

"लागला म्हणतोय ना मी."

"हो हो. लागला."

घर आलं. जेरेल उतरला, वाकून खिडकीतून म्हणाला, "आपल्या दोघांना माहीत आहे. मला तेवढं पुरे," आणि शीळ घालत फाटकातून आत गेला. ते क्रेगचंच गाणं होतं.

क्रेग गाडी न हलवता बसून राहिला. पोराचे पाय, बोटं, वय, लंडन, हे सगळं त्याने आजवर मनातल्या मनात पन्नासदा मागितलं होतं. पण असं काही करून दाखवावं, त्याचं श्रेय दुसऱ्याने नेलेलं बघावं, आणि तरी शीळ घालत घरी जावं, हे त्याच्या यादीत नव्हतं. आता आलं. आणि आधीच्या सगळ्यापेक्षा हेच जास्त जळलं.

तो घरी पोहोचला तेव्हा दाराला फुगे लावले होते. फ्रेयाने त्याला खुर्चीवर बसवलं.

"कुठे लागला? दाखव ना, बाबा. नीट दाखव."

त्याने डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

"सुजलंय थोडं," फ्रेया डोळे बारीक करून म्हणाली. शेलीने फ्रीजरमधून गोठलेल्या मटारची पिशवी काढली, फडक्यात गुंडाळली आणि त्याच्या कपाळावर धरली. फ्रेयाने कोपऱ्यातला ट्रॉम्बोन उचलला आणि पहिल्यांदाच, न लाजता, त्याच्यासमोर ते गाणं वाजवायला घेतलं.

"दुखतंय का रे?" शेलीने विचारलं.

"थोडं," क्रेग म्हणाला, आणि पिशवी स्वतःच्या हाताने घट्ट दाबून धरली.