टप्पा पडेपर्यंत

फोरहँड मारून झाला की दिशाचा डावा हात लगेच खाली यायचा नाही. रॅकेट वर जाऊन डाव्या खांद्यामागे विसावायची आणि डावा तळवा तिच्याखाली, ओंजळीत पाणी घ्यावं तसा किंचित उघडा, हवेत राहायचा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात लिंबू मावेल एवढी फट. ती फट कधी कमी-जास्त झाली नाही. चेंडू पलीकडे टप्पा घेईपर्यंत हात तिथेच असायचा, आणि मग दिशा पुन्हा हलायला लागायची.

दिशाची आई नेत्रा हा हात बघत आली होती मुलगी आठ वर्षांची असल्यापासून. ती कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची, त्यामुळे हलणाऱ्या वस्तूंकडे बारकाईने बघायची तिला सवयच होती. सुरुवातीला त्या हाताकडे बघून तिला भरून यायचं. गेल्या वर्षभरात मात्र तो हात हवेत थांबला की तिची नजर नेटपलीकडे जायची, कारण तो थांबलेला असताना पलीकडची मुलगी पळत असायची.

आज अंतिम सामन्यात पलीकडे अलोऱ्याची आरोही होती. धरणाच्या वसाहतीतल्या सिमेंटच्या कोर्टावर, शाळेच्या पीटीच्या सरांकडे शिकलेली. तिचा खेळ बघवत नव्हता. फटका मारताना ती कण्हायची, पाय फताडे टाकायची, रॅकेट अशी फिरवायची की जणू खळ्यावर भात झोडते आहे. पण फटका मारून झाला की तो कसा झाला हे बघायलाही थांबायची नाही. लगेच पाय घाशीत मधोमध येऊन उभी.

रत्नागिरीत मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीमागे, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात हे टेनिसचं कोर्ट होतं. जांभा दगड कुटून, चाळून, पाणी मारून, वर रूळ फिरवून नेत्राच्या वडिलांनी ते केलेलं. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली, पण जीव सगळा या लाल चौकोनात. दिशालाही इथे त्यांनीच शिकवलेलं. दरवर्षी मे महिन्यात इथे स्पर्धा व्हायची आणि माणसं सकाळी उन्हं चढायच्या आत प्लास्टिकच्या खुर्च्या धरून बसायची. जास्त करून दिशासाठीच.

दुसऱ्या सेटमध्ये दिशाने एक फोरहँड कोपऱ्यात असा मारला की खुर्च्यांमधून एकदम हुंकार उठला. हात हवेत थांबला. लिंबाएवढी फट. आरोही धडपडत पोचली, कसाबसा चेंडू वर उडवला आणि तो दुसऱ्या कोपऱ्यात पडायला लागला. दिशा निघाली, उशिरा निघाली, पण लाल मातीवरून एक पाय घसरवत अशी गेली की मिरकरवाड्याच्या खाडीत होडी किनाऱ्याला लागावी. चेंडू परत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा ती तशीच थांबली, आणि पुढच्या चेंडूला पोचली नाही.

पॉइंट आरोहीला मिळाला. टाळ्या मात्र अजून दिशाच्याच चालू होत्या. आरोहीने एकदा खुर्च्यांकडे बघितलं, बाहीला नाक पुसलं आणि सर्व्हिसला गेली.

असं सकाळभर चाललं. दिशा हरली.

क्लबचा सेक्रेटरी हर्षद नेत्राच्या शेजारी बसला होता. त्याची मुलगी पहिल्याच फेरीत बाद झाली होती. तो म्हणाला, "नेत्राताई, हरली, पण काय हरली! आमची तर जिंकली तरी बघवत नाही."

नेत्रा हसली. हे वाक्य थोड्याफार फरकाने ती लहान असल्यापासून ऐकत आली होती. तेव्हा ते तिच्याबद्दल असायचं.

बक्षीस समारंभात आरोहीला चषक आणि आंब्याची पेटी मिळाली. मग हर्षदने माईक हातात घेतला आणि लोक खुर्च्यांत सरसावून बसले, कारण आता 'शैली चषक' द्यायचा होता. सर्वांत देखण्या खेळाचा. ही प्रथा अप्पांची. नात खेळायला लागल्यापासून ते स्वतः मत देत नसत. बाकीचे पंच ठरवत. तरी सलग तिसऱ्या वर्षी नाव दिशाचंच निघालं. आणि पूर्वीची विजेती म्हणून तो द्यायला नेत्रालाच वर बोलावलं.

चषकावर पितळेची बाहुली होती, रॅकेट खांद्यामागे नेऊन थांबलेली. असे चार नेत्राच्या माहेरच्या कपाटात होते, काळे पडलेले. तिच्याकडे दुसरा कुठलाच चषक नव्हता. तिने बाहुली दिशाच्या हातात दिली. दिशाने ती घेतली, फोटोपुरती हसली, आणि खाली उतरल्यावर किटबॅगच्या बाहेरच्या कप्प्यात, रिकाम्या बाटलीशेजारी उलटी खुपसली.

गेल्या पावसाळ्याआधी कोल्हापूरच्या बकुळा मॅडमनी दिशाचा एक सामना पाहिला होता. त्यांच्याकडे मुली राहून शिकतात. सामन्यानंतर त्या नेत्राला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या की मुलीला मी घेईन, दहावी झाली की पाठवा. पण तिची एक सवय मोडावी लागेल, आणि ती मोडायची तर सुट्टीतसुद्धा तिने जुन्या मास्तरांसमोर रॅकेट धरायची नाही. अर्धं इकडे, अर्धं तिकडे असलं मला चालणार नाही. पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कळवा. नंतर जागा राहत नाही.

कुठली सवय, हे नेत्राने विचारलं नव्हतं. तिला माहीत होतं.

घरी दिशाला सांगितलं. तिने त्याच दिवशी हो म्हटलं. नवरा केतन मुंबईला नोकरीला. तोही फोनवर हो म्हणाला, आणि पुढे म्हणाला की तुझे वडील आहेत, तेव्हा तू सांग. मी सांगितलं तर जावयाने नातीला तोडलं असं होईल. म्हणजे राहिलं एवढंच, अप्पांना सांगणं. आधी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मग गणपती आले. मग दिशाची दहावी. मग एप्रिल लागला आणि अप्पा कोर्टाला पाणी मारायला लागले. स्पर्धेच्या तोंडावर कशाला, असं नेत्राने ठरवलं. वर्गात मुलांनी उत्तर टाळलं की ती फळ्याकडे बोट दाखवून शांतपणे उभी राहायची, मुलं उत्तर देईपर्यंत. स्वतःपुढे तसं उभं राहायला तिला जमलं नव्हतं. मॅडमनी परवा पुन्हा फोन केला होता. त्यांना नेत्राने सोमवारी सांगते म्हटलं होतं, आणि आज रविवार होता.

मंडळी पांगली. दिशा नळावर बुटांची लाल माती काढत बसली होती. नेत्रा तिच्याजवळ उभी राहिली.

"आई, तू हरायचीस तेव्हा अप्पा काय म्हणायचे?"

"म्हणायचे, छान दिसलीस."

"मग तुला काय वाटायचं?"

नेत्राने जरा आठवून खरं ते सांगितलं. "वाटायचं, दिसले असेन छान."

दिशाने मोजा पिळला. लाल पाणी निघालं, ते ती बघत राहिली. "मला नाही तसं वाटत. मला नुसतं हरल्यासारखं वाटतं. आणि वर सगळे टाळ्या वाजवतात. त्या आरोहीला काय वाटलं असेल? तिच्यासाठी कोणी वाजवल्याच नाहीत."

"मग तू थांबू नकोस ना फटका मारून," नेत्रा म्हणाली. बोलता बोलताच तिला कळलं की हे सांगण्यात अर्थ नाही.

"मी थांबत नाही. मला थांबायचं नसतंच. ते होतं." दिशाने मान वर केली. "उद्या सोमवार आहे. तू सांगतेस, की मी सांगू?"

नेत्रा कोर्टाकडे वळली. नेट काढून शेडमध्ये ठेवायचं होतं, ते निमित्त तिला पुरलं.

पत्र्याच्या त्या शेडमध्ये अप्पांनी लावलेले टेनिसपटूंचे फोटो होते. त्यांचे थोरले भाऊ मुंबईला एका जिमखान्यात कामाला होते, तिथल्या रद्दीतली इंग्रजी मासिकं कापून ते टपालाने पाठवायचे. रत्नागिरीत तेव्हा टेनिस खेळणारा, शिकवणारा कोणी नव्हता. अप्पा हे फोटो आरशाशेजारी लावून, घरच्या खळ्यात रॅकेट घेऊन उभे राहायचे आणि कोपर, मनगट, बोटं जुळेपर्यंत हलायचे नाहीत. तसेच ते टेनिस शिकले. पुढे टीव्ही आला, तोवर त्यांची नजर बसलेली होती. टीव्हीवरचे खेळाडू ओरबाडल्यासारखे खेळतात, असं त्यांना वाटायचं. आणि त्यांचा नियम झाला: चेंडू पलीकडे टप्पा घेईपर्यंत मूर्ती हलता कामा नये. नेत्रानेही तो पाळला होता. लहानपणी हललं की पुन्हा पहिल्यापासून.

नेट घडी करून खाली ठेवताना तिचं लक्ष त्या फोटोंकडे गेलं. आजवर तिने त्यात हात बघितले होते, कारण अप्पा हातच दाखवायचे. आज नळावरचे बूट डोळ्यांपुढे होते म्हणून असेल, ती पाय बघायला लागली. एका फोटोत मागचा पाय जमिनीवर नव्हताच. दुसऱ्यातही टाच उचललेली. तिसऱ्यात, अप्पांच्या सर्वांत लाडक्या फोटोत, वरचं शरीर रेखीव होतं आणि गुडघ्याखाली सगळं पुसट, धुरकट. हा फोटो तिला पाठ होता. "छपाई खराब आहे," असं अप्पा दरवेळी म्हणायचे. "पण हात बघ."

छपाई खराब नव्हती. तो पाय पळत होता.

माणूस फटका मारून केव्हाच निघाला होता. कॅमेऱ्याने त्याला तेवढ्यापुरता पकडला, आणि अप्पांनी त्याला तिथेच उभा केला. मग तिला तसंच उभं केलं, मग दिशाला. नेत्राला हसू येईल असं वाटलं, पण आला तो राग. अप्पांचा नव्हे. गती आणि काळ यांचे आलेख ती रोज फळ्यावर काढायची, आणि हा फोटो तिच्या डोक्याच्या उंचीवर आयुष्यभर टांगलेला होता.

बाहेरून अप्पांची हाक आली. ते रबरी नळीने कोर्टावर पाणी मारत होते आणि दिशाला त्यांनी बेसलाइनवर उभी केली होती. लोक गेले की त्या दिवशीचा एखादा फटका चेंडूशिवाय पुन्हा करायचा, हीसुद्धा त्यांची पद्धत.

"ये गो बाय, बस," ते नेत्राला म्हणाले. त्यांचा चेहरा उजळलेला होता. त्यांच्या दृष्टीने दिवस चांगला गेला होता. "तो दुसऱ्या सेटमधला फोरहँड. पोरीने काय मारला बघितलास ना? तसा अलोऱ्याच्या पोरीला जन्मात जमायचा नाही. दिशा, घे."

"अप्पा, ती पॉइंट हरली तिथे," नेत्रा म्हणाली.

"हरली तर हरली. जिंकायला काय, कोणीही जिंकतो. हिला बघायला माणसं साखरप्यावरून येतात." त्यांनी नळी खाली टाकली. पाणी लाल मातीत वाहायला लागलं. "घे गो, दिशा."

दिशाने आईकडे बघितलं. मग रॅकेट मागे नेली, खांदा वळवला, आणि नसलेल्या चेंडूवर फटका मारला. रॅकेट खांद्यामागे विसावली. तळवा उघडा राहिला. चेंडूच नव्हता, तेव्हा टप्पा पडायचाही प्रश्न नव्हता. ती थांबली ती थांबलीच. ओल्या कोर्टावर तिची सावली पडली होती, तीही हलत नव्हती.

अप्पा दोन पावलं मागे सरले, मान तिरकी केली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हात धरून त्यांनी उन्हाची तिरीप अडवली. ते इतके सुखात होते की नेत्राला त्यांच्याकडे बघवेना.

"काढ चूक," ते म्हणाले. "तू शिकलेली आहेस. मला एक चूक दाखव यात."

नेत्राने खरोखर बघितलं. कोपर, मनगट, अंगठा, ती फट. सगळं जिथल्या तिथे होतं. दिशा तिच्याकडेच बघत होती, डोळे सोडून काहीही न हलवता.

"चूक नाहीये, अप्पा," नेत्रा म्हणाली. "तुम्ही शिकवलंत तसंच्या तसं आलंय तिला. मला आलं होतं तसंच. जूनमध्ये दिशा कोल्हापूरला बकुळा मॅडमकडे शिकायला जाणार आहे, आणि त्यानंतर ती तुमच्याकडे खेळायला येणार नाही. सुट्टीतसुद्धा नाही."