खांद्यावर दोन बोटं

फोनमधून दादाचा आवाज आला की हल्ली धाकटीला आधी चीड यायची, शब्द मागाहून ऐकू यायचे. दादा टाइप करत नसे. आपण बोलायचं आणि लोकांनी लिहून घ्यायचं, असा त्याचा खाक्या. "ऐक, पहिल्या बंदराला तो किल्ला नको, चढ फार आहे. वहिनीला पांढरी वाळू हवी. पांढरी म्हणजे पांढरी, उगाच मळकी दाखवशील. आणि ड्रायव्हर जरा बरा बघ, घामाचा वास मारणारा नको." मागून वहिनी नाकाने कांदे सोलत असायची, "एसीचं विचार, एसीचं!"

धाकटी दातओठ खात लिहून घ्यायची. करते काय, पोटापाण्याचा धंदाच तो. झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर तिच्या ट्रॅव्हल कंपनीचं ऑफिस. डोक्यावर कुरकुरणारा पंखा, समोर भूमध्य समुद्राचा कडा मुडपलेला नकाशा. क्रूझचं जहाज बंदराला लागलं की शिडीच्या पायथ्यापासून गावात नेणारी गाडी, गावातला गाइड, आणि जहाज सुटायच्या आत माणसं पुन्हा धक्क्यावर, हे सगळं ती त्या खुर्चीतून जमवायची. स्वतः कधी जहाजावर पाय ठेवला नव्हता. पण इतकी वर्षं लोकांच्या सहली आखून तिला एक कळून चुकलं होतं, की माणूस सुट्टीवर निघाला की त्याच्या आत जी काही घाण असेल ती बॅगेत सगळ्यात वर ठेवून निघतो.

या खेपेला तर घरचीच मंडळी निघाली होती. दादा, वहिनी, वहिनीची बहीण, तिचा नवरा, दादाची दोन वर्षांचीही न झालेली लेक चिमणी आणि अप्पा. अप्पांची पंचाहत्तरी म्हणून ही क्रूझ, असं दादाने गावभर करून ठेवलं होतं. शेजारी, ऑफिस, बँकेतला माणूस, भेटेल त्याला तेच. "म्हातारपणी वडलांना एवढंही करू नये का?" असं म्हणताना त्याचे डोळे खरोखर भरून यायचे, आणि तेच बघून धाकटीला शिसारी यायची. ती येते का, असं मात्र तिला कुणी विचारलं नाही. "तू आलीस तर इकडून सगळं बघणार कोण?" म्हणे.

अप्पांनी उभा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला. तिथल्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं हातांनी बोलतात. ती सवय अप्पांच्या अंगात इतकी मुरलेली, की घरी जेवतानाही पाणी हवं असलं तर दोन बोटं वर. धाकटी लहानपणी हे सगळं त्यांच्याकडून शिकली होती. त्यातली एक खूण तिची फार लाडकी. कामाची पाळी संपत आली की नवा माणूस मागून येतो आणि जुन्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवतो. म्हणजे बदली आली, तू सुटलास. ती बोटं टेकल्याशिवाय जागा सोडायची नाही, मग वर काही का होईना. धाकटी आईच्या हातातला झाडू घ्यायची तीसुद्धा आधी खांद्यावर दोन बोटं टेकवून. आई हसायची आणि खरंच बाजूला व्हायची.

त्या इंजिनरूममध्ये अप्पांचा एक जोडीदार होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. एकदा वाफेचा पाइप फुटला तेव्हा मिस्त्रीने अप्पांना ओढून बाहेर काढलं आणि स्वतःची पाठ भाजून घेतली. आता तो लेकीकडे राहत होता, या क्रूझच्या तिसऱ्या बंदराच्या वरच्या टेकडीवर. हृदयाने दगा दिलेला, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. जहाज सोडल्यापासून दोघांची भेट नव्हती. क्रूझ म्हटल्यावर अप्पांनी नकाशावर बोट ठेवून एवढंच म्हटलं होतं, "इथे मिस्त्री राहतो. त्याला एकदा कडकडून मिठी मारली की झालं. बाकी तुम्ही न्याल तिथे येतो."

आणि तिसऱ्या बंदराचा दादाचा निरोप आला. "इथे चामड्याचा बाजार. चौघांची सोय बघ."

धाकटीने मागचे निरोप पुन्हा लावून ऐकले. पहिल्या बंदराला चौघं, दुसऱ्या बंदराला चौघं. सगळीकडे चौघंच! तिने फोन लावला.

"दादा, अप्पा कुठे आहेत यात?"

"अप्पा वर थांबतील ना, चिमणीजवळ. अगं, जहाजावरच्या पाळणाघरात इतकं लहान मूल घेत नाहीत. आणि अप्पांना कुठे आता उन्हातान्हात फिरवतेस? वर आराम आहे, खायला-प्यायला आहे, समुद्र आहे."

"म्हणजे तू त्यांना मूल सांभाळायला नेतोयस."

"तुझं ना, बोलणंच वाकडं. आजोबाच आहेत ते तिचे!"

"आणि मिस्त्रीकाका?"

"व्हिडिओ कॉल लावून देऊ की. हल्ली काय, समोरासमोर बसल्यासारखं दिसतं."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडून दादा कधी ऐकला आहे? तिने फोन ठेवला आणि जे येत होतं ते केलं. तिसऱ्या बंदराला अप्पांसाठी वेगळी छोटी गाडी ठरवली, मागे बाळाची सीट लावलेली. अप्पांनी चिमणीला घेऊनच टेकडीवर जायचं, मिस्त्रीच्या घरी बसायचं, उन्हं उतरायच्या आत परत. त्या बंदरावर तिचा नेहमीचा ड्रायव्हर होता, तिकडे जाऊन स्थायिक झालेला आपल्याकडचाच माणूस. फोनवर इतक्या मोठ्याने बोलायचा की ऑफिसात त्याचं नाव भोंगा पडलं होतं. दादाच्या चौघांना भोंगा नेणार आणि अप्पांना भोंग्याचा मेहुणा. धाकटीने मिस्त्रीच्या लेकीला कळवलं. दादालाही बजावलं की जहाजावरून उतरायला प्रत्येकाचं कार्ड लागतं, चिमणीचं कार्ड अप्पांकडे देऊन जा. "बरं बरं," दादा म्हणाला.

एक चूक मात्र तिने केली. गाडीला धक्क्यावर आत येण्याची परवानगी एकत्र मिळते, म्हणून अप्पांची गाडी तिने त्याच बुकिंगमध्ये घातली. आणि बुकिंग दादाच्या नावावर. या धंद्यात बुकिंग ज्याच्या नावावर, त्याचा शब्द शेवटचा. तो परस्पर काय वाटेल ते बदलू शकतो. परक्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत ती हे कधी विसरली नसती. सख्खा भाऊ म्हणून विसरली.

जहाज तिसऱ्या बंदराला लागलं त्या दिवशी तिचा फोन खणाणला आणि भोंगा ओरडला, "ताई! म्हातारबाबांची गाडी रद्द का केली?"

"कुणी रद्द केली?"

"तुमच्याच साहेबांनी! काल सांगितलं, दोन छोट्या नकोत, एक मोठी द्या, सामान खूप होणार आहे. आता चौघं बाजारात आहेत, मी बाहेर उभा. आणि टेकडीवरचा तो दुसरा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून फाटकात खुर्ची टाकून बसलाय. माझ्या मेहुण्याला फोन करकरून विचारतो, गाडी कुठवर आली. त्याला काय सांगू?"

पर्सेस! पर्सेस आणि पट्टे मावावेत म्हणून! तिने दादाला फोन लावला, त्याने कापला. वहिनीला लावला, वाजत राहिला. मग अप्पांना लावला.

"अप्पा, चिमणीचं कार्ड आहे तुमच्याकडे?"

"नाही गं. वहिनीच्या पर्समध्ये राहिलं वाटतं. शिडीवरचा माणूस तिला घेऊन उतरू देईना. असू दे. ती झोपलीय."

असू दे! या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना असू दे म्हटलं होतं. धाकटीने भोंग्याला सांगितलं, "मेहुण्याला म्हणावं, त्या बाबांना गाडीत घाल आणि हळूहळू धक्क्यावर आण. गाडीभाडं माझ्याकडून." अप्पांना सांगितलं, धक्क्याच्या बाजूच्या डेकवर येऊन थांबा. आणि दादाला त्याच्याच भाषेत, म्हणजे बोलून, निरोप टाकला. "मिस्त्रीकाका जहाजाखाली येऊन उभे राहतायत, बाहेरच्यांना वर सोडत नाहीत. तू लवकर परत ये, चिमणीला घे आणि अप्पांना खाली सोड. तुझ्या पाया पडते."

दादाचा अंगठा आला. नुसता पिवळा, गुबगुबीत अंगठा.

दुपार कलताना भोंग्याचा फोन आला. "सोडलं ताई चौघांना धक्क्यावर! वेळ मुबलक आहे. दोन्ही बाबा एकमेकांना हात करतायत!" धाकटीने डोळे मिटून खुर्चीत मान मागे टाकली. जमलं बाई. उशिरा का होईना, जमलं.

मंडळी परतली तेव्हा तिने अप्पांना दारातच विचारलं, "झाली ना भेट?"

"बघितला त्याला," अप्पा म्हणाले. "बारीक झालाय." आणि ते हातपाय धुवायला आत गेले. दमले असतील, असं तिला वाटलं.

मग पुढच्या रविवारी दादाने घरी माणसं बोलावली. केक, फुगे, नव्या चामड्याच्या पर्सेस सोफ्यावर मांडलेल्या, जो येईल त्याने हात फिरवून बघाव्यात म्हणून. घरभर त्या चामड्याचा उग्र वास भरला होता. अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत, आणि चिमणी त्यांच्याच मांडीवर. दादाने ग्लासवर चमचा वाजवला.

"आमच्या अप्पांची एकच इच्छा होती," तो म्हणाला आणि आवाज बरोबर हवा तिथे कापला. "आपल्या मित्राला भेटायची. ती आम्ही पूर्ण केली. बघा."

त्याने टीव्हीवर व्हिडिओ लावला. मागे कसलंसं रडकं संगीत घातलेलं. वर डेकवर अप्पा, कडेवर चिमणी. खाली धक्क्यावर इस्त्रीच्या शर्टातला एक वाळका म्हातारा, काठी बगलेत धरून दोन्ही हातांनी भराभर खुणा करतोय. अप्पाही एका हाताने करतायत. लोक हळहळले. कुणी डोळ्यांना रुमाल लावला. "काय ती मैत्री!" वहिनीची बहीण म्हणाली, "मी तर तिथे रडलेच!"

धाकटी मात्र टीव्हीकडे टक लावून बघत राहिली. व्हिडिओ खालून घेतलेला होता, धक्क्यावरून. म्हणजे ही मंडळी खाली उभी होती. वर गेली नव्हती.

पडद्यावर मिस्त्री एकदम वळला. त्याने स्वतःच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि सरळ कॅमेऱ्याकडे हात केला. पुन्हा खांद्यावर दोन बोटं, पुन्हा कॅमेऱ्याकडे.

"हे बघा, हे बघा!" वहिनी खिदळली. "आमच्याकडे हात करतोय. हाय म्हणतोय आम्हाला! कित्ती गोड!"

धाकटीने हातातली केकची बशी खाली ठेवली.

"अप्पा," दादाचा कुणी साहेब कौतुकाने म्हणाला, "सांगा तरी आम्हाला, काय बोलत होता तुम्ही?"

अप्पांनी चिमणीचं तोंड पुसलं. त्यांच्या बोलण्यात ना राग होता ना काही. पाणी आलं का विचारल्यावर आलं म्हणावं, तसं बोलले.

"तो म्हणाला, खाली ये. मी म्हटलं, पाळीवर आहे, जागा सोडता येत नाही. तो म्हणाला, मग बदली येईपर्यंत थांबतो. थांबला. उन्हात उभा होता बिचारा. मग ही मंडळी आली, तेव्हा त्याने खूण केली, की बघ, तुझी बदली आली." अप्पांनी चिमणीला मांडीवर सावरलं. "मी म्हटलं, हो, येतील आता वर."

संगीत तेवढं चालू होतं.

"मग?" साहेबाने विचारलं. विचारायला नको होतं.

"मग शिडी उचलायची वेळ झाली, तेव्हा ही मंडळी आली वर. नीट शूटिंग व्हायला वेळ लागतोच की."

"अप्पा म्हणजे ना, काहीतरीच," दादा हसला, पण चेहरा उतरला होता. "मला काय माहीत, असं काही... अगं, बंद कर ते आता."

बंद होईना. रिमोट त्या पर्सेसच्या ढिगात कुठेतरी गेला होता. व्हिडिओ संपला आणि आपोआप पुन्हा सुरू झाला. वहिनी एकेक पर्स उचलून खाली बघत होती, आणि पडद्यावरचा म्हातारा पुन्हा वळला, पुन्हा खांद्यावर बोटं टेकवली आणि सोफ्याकडे हात केला. दादा सोफ्यावरून उठला आणि उगाचच खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. धाकटीला त्याची किळस आली. त्या वासाची, त्या केकची आणि त्याच्यासाठी पांढरी वाळू शोधत बसलेल्या स्वतःचीही.

ती माणसांमधून वाट काढत कोपऱ्यात गेली, अप्पांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली.

अप्पांनी मान वळवून वर बघितलं.

"द्या तिला इकडे," धाकटी म्हणाली. "तुमचा पासपोर्ट आहे ना जवळ? बुकिंग तुमच्या नावावर करते. एकट्याच्या."

अप्पांनी चिमणीला तिच्या हातात दिलं, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि दाराशी जाऊन आपल्या चपला शोधायला लागले.