थांबा

माझ्या जिभेला हाड नाही, असं सासूबाई म्हणतात. पण या परक्या देशात नर्स म्हणून आले आणि इथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी अडीच महिने मूग गिळून गप्प होते. भाषा अर्धीमुर्धी कळायची आणि रीतभात त्याहून कमी. मोठ्या सर्जननाही सगळे नुसत्या नावाने हाक मारायचे, अगदी लादी पुसणाऱ्या बाईसुद्धा. मला ते या जन्मात जमलं नसतं.

पहिले तीन महिने परीक्षेचे होते. टिकले तर नवरा आणि लेक इकडे येणार होते. त्यातही लेकीच्या शाळेपायी नवऱ्याचं तळ्यात-मळ्यात चाललेलं. तेव्हा मान खाली घालून काम करायचं, नसती उठाठेव करायची नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

त्या दिवशी पोटाचं ऑपरेशन होतं. शिवायच्या आधी गॉजचे वापरलेले तुकडे मोजणं माझं काम. दहा दिले होते, नऊच भरले. पुन्हा मोजले, तरी नऊच. सर्जननी सुई हातात घेतली. आमच्याकडे अशा वेळी थोरल्या सिस्टरच्या कानाला लागतात, मग ती सरांचा मूड बघून काय ते बोलते. इथे थोरली कोण, तेच मला उमगलं नव्हतं. तोंडून चक्क मराठी निघालं.

"थांबा."

तो शब्द तिथे एकालाही येत नव्हता. तरी सगळे थांबले. एवढ्या मोठ्या माणसाचे हात माझ्या एका शब्दावर हवेत थांबलेले बघून मी अवाक झाले. मी बोटांनी नऊ दाखवले. मग कुणी टेबलाखाली, कुणी बादलीत, सर्जन स्वतः पोटात शोधायला लागले. दहावा सापडला माझ्याच ट्रेमध्ये, नवव्याला चिकटलेला.

ऑपरेशन संपल्यावर सर्जन माझ्यासमोर आले. आता बोचकं बांधा, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांनी सगळ्यांदेखत माझे आभार मानले. मग मला कळावं म्हणून सावकाश म्हणाले, "उद्याही शंका आली तर असंच थांबवा मला."

संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं.

"चूक तुझी, आणि आभार मानले?" त्याने दोनदा विचारलं.

मी हो म्हटलं.

"पोरीला तिथल्याच शाळेत घालू," तो म्हणाला.