मधलं पाणी

देव डब्यात

धारवाडहून निघताना बाळाचार्यांनी शाळिग्राम स्टीलच्या डब्यात ठेवला, डबा रेशमी वस्त्रात गुंडाळला आणि पिशवी स्वतःच्या गळ्यात अडकवली. घरची रीत अशी, की देवाला एक दिवसही पाण्यावाचून ठेवायचं नाही. आधी अभिषेक, मग नैवेद्य, त्यानंतरच माणसांच्या पोटात काही. लग्न झाल्यापासून अनसूयाबाई कुठे फिरायला गेल्या नव्हत्या, त्याचं कारण एवढंच. धारवाडातलं केलगेरीचं तळंसुद्धा त्यांनी रिक्षातून जाता जाता पाहिलेलं.

या वेळी बंगळूरच्या लेकीने, सावनीने, कुणाला न विचारता कुमाऊंच्या डोंगरात एका तळ्याकाठी खोली घेऊन टाकली. तीही ऐन जानेवारीत.

"अप्पा, देव श्रीनिधीकडे ठेवा की. इथेच सप्तापुरात तर राहतो."

"तुझा चुलतभाऊ नऊला उठतो. तोवर देवांनी पारोसं बसायचं?"

"मग?"

"मग देवही येतील. त्यांना तिकीट लागत नाही."

अनसूयाबाई यात पडल्या नाहीत. त्यांना एकच हवं होतं. होडीत बसायचं. एकदा.

डबा मांडीवर

गाडीत समोरच्या बाईने डब्याकडे बघून विचारलं, "खाने का है क्या?"

"नहीं," अनसूयाबाई म्हणाल्या, "खानेवाला है."

बाळाचार्यांनी डोळे वटारले. मग खिडकीकडे तोंड करून हसले.

मांडी धाबळीत

धाबळी म्हणजे सोवळ्यातलं लोकरी वस्त्र. धारवाडात ती नेसली की अंग खाजतं नि घामाने जीव जातो. इथे डोंगरात पहिल्यांदाच तिचा उपयोग कळला. धाबळीत शिरून बाळाचार्य पूजेला बसले ते बारा वाजेपर्यंत उठले नाहीत. थंडीने मंत्र अडखळत होते, अडखळला की पुन्हा पहिल्यापासून.

पूजा आटोपली, दोघं भात जेवली, बाहेर आली. तळं नव्हतं.

म्हणजे होतं, पण ढग उतरला होता. पायऱ्या दिसत होत्या, त्यापुढे नुसतं पांढरं. नावाडी होडीला दोर बांधत होता. "दोपहर में बादल आता है, माताजी. नाव सुबह चलती है."

सकाळी. म्हणजे पूजेच्या वेळी. पूजा संपल्याशिवाय अनसूयाबाई खोलीबाहेर पडत नसत. फुलं, गंध, नैवेद्य, सगळं हाताशी त्यांनीच द्यायचं. आता राहिल्या दोन सकाळी. परवा संध्याकाळी परतीची गाडी.

"काय झालं?" बाळाचार्य.

"काही नाही. ढग बघतेय."

नळ गोठला

दुसऱ्या दिवशी नळ फिरवला तर नुसता सुस्कारा. धारवाडहून आणलेला विहिरीच्या पाण्याचा कॅन कालच संपलेला. हॉटेलच्या माणसाने गरम पाण्याची बादली आणून दिली. बाळाचार्यांनी त्यात अंघोळ केली. देवाला मात्र नको म्हणाले.

"तुम्हाला चालतं नि देवाला चालत नाही?"

"मला कुणीही न्हाऊ घालावं, अगं. देवाचं पाणी आपल्या हातचं लागतं. सोवळ्यातलं."

"मग तळ्याचं आणते."

"काठाचं? काठावर खेचरं पाणी पितात."

अनसूयाबाई धाबळीची घडी उलगडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मधलं आणते."

"मधलं कसं?"

"होडीतून."

बाळाचार्यांनी बायकोकडे बघितलं. मग डब्याकडे. "नावाडी शिवेल."

"तो त्या टोकाला, मी ह्या टोकाला. अंगावर लोकर. लोकरीला विटाळ नाही, तुम्हीच सांगता." धाबळी अंगाभोवती घेऊन, तांब्याची कळशी उचलून त्या दारात गेल्या. "देव उपाशी आहेत. किती वेळ विचार करायचा?"

"हुषारू," ते म्हणाले. संभाळून. रागवले की कन्नडात बोलायचे, काळजी वाटली तरी कन्नडातच.

कळशी होडीत

पाणी काळं होतं, मग हिरवं, मग कसलंच नाही. पलीकडच्या डोंगरावर बर्फ होता, कुणी तांदळाचं पीठ सांडून पुसायला विसरावं तसा. वल्ह्याचा आवाज तेवढा.

"यहाँ भर लो, माताजी."

अनसूयाबाईंनी वाकून बघितलं. स्वच्छ होतं. तळाचं गवत दिसत होतं.

"इधर का नको," त्या म्हणाल्या. "वो उधर का."

उधर गेल्यावर आणखी उधर. बोटं पाण्यात घातली ती कळ आली तरी काढली नाहीत. शेवटी कळशी बुडवली. भरायला क्षणही लागला नाही, त्याचं त्यांना वाईट वाटलं.

परतल्या तेव्हा बाळाचार्य कुडकुडत खिडकीशी बसलेले. त्या खिडकीतून सगळं तळं दिसत होतं.

"मध्य बराच लांब होता," ते म्हणाले.

"हो. सरकत होता."

त्यांनी कळशी घेतली आणि पूजेला बसले.

देव

संध्याकाळी नळ आला. हॉटेलचा माणूस आनंदाने सांगायला आला. अनसूयाबाई त्याला "अच्छा हुआ" म्हणाल्या आणि सामान भरायला लागल्या, भरलेलंच पुन्हा.

शेवटच्या सकाळी बाळाचार्यांनी नळ सोडला. पाणी ओंजळीत घेतलं, नाकाशी नेलं, बराच वेळ धरलं.

"ह्याला वास येतोय."

अनसूयाबाईंनीही हुंगलं. कसलाच वास नव्हता. "येतोय खरा," त्या म्हणाल्या.

"आणि काल एक कळशी कमी पडली. आज दोन लागतील."

"दोन मला कशा झेपतील?"

बाळाचार्य आधीच धाबळीत होते, वर माकडटोपी. डब्याची पिशवी त्यांनी गळ्यात घातली.

"देव खोलीत एकटे कसे ठेवायचे?" ते म्हणाले.

होडीत नावाडी त्या टोकाला. ह्या टोकाला दोघं, मधे दोन रिकाम्या कळशा. डबा बाळाचार्यांच्या मांडीवर.

"यहाँ भरें, पंडितजी?"

बाळाचार्यांनी वाकून नीट बघितलं.

"नको," ते म्हणाले. "वो उधर का."

त्या दिवशी पूजा ढग उतरल्यावर झाली.