टाकीशेजारचं झाकण

विषय : कर्मचारी वसाहतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीस झाकण मिळणेबाबत.
संदर्भ : सदर झाकण. म्हणजे मीच बोलतोय.

मी जाड लोखंडी पत्र्याचा. टाकीवर बसलो तो असा घट्ट, की मुंगीलाही वाट नव्हती. पुढे टाकी धुताना माझी एक बिजागरी तुटली आणि भांडारपालांनी मला भंगार ठरवलं. लिलावापर्यंत भंगार हलवायचं नाही, म्हणून टाकीपासून हातभर अंतरावर मी पडून आहे. टाकी उघडी.

तिन्हीसांजेला पाण्यावर डासांच्या माद्या येतात. गटारातले डास वेगळे. ते गुणगुणून झोपमोड करतात, पण हिवताप त्यांच्याकडून होत नाही. हिवतापाची मादी सोवळ्यातली. तिला अंडी घालायला स्वच्छ, निवांत पाणी लागतं. एका आजाऱ्याचा रोग ती दुसऱ्याच्या घरी नेऊन देते. आमच्या कार्यालयापेक्षा तिची आवक-जावक चोख. फवारणीवाले गटारावर धूर सोडतात आणि खोकत परत जातात. गच्चीवर कुणी येत नाही.

टाकीखालच्या खोलीत सफाईवाली बाई राहायची, लेक चिमीला घेऊन. चिमीला हुडहुडी भरून ताप आला. हिवताप निघाला. गोळ्यांनी उतरला, काही दिवसांनी पुन्हा आला. दवाखान्यातल्यांनी उघड्या पाण्याबद्दल विचारलं, तशी बाई भांडारपालांना घेऊनच गच्चीवर आली.

"दादा, झाकण हे काय, इथंच लोळतंय! टाकते की वर."

"ताई, हात लावू नका. ते भंगार आहे. टाकीवर दिसलं तर नवीन कोण मंजूर करील?"

"नवीन येईपर्यंत तरी?"

"अर्ज द्या. वर पाठवतो."

"आणखी वर कुठं? डास तर वरूनच येतात."

तिनं अर्ज दिला. आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात, एकटीनं ओढत मला टाकीवर चढवलं. किती दिवसांनी पोटाखाली पाण्याचा गारवा लागला! पण आठवड्यातच तपासणी आली.

"भंगार टाकीवर कुणी ठेवलं?"

राहती खोली जाईल, म्हणून बाई गप्प राहिली. दोघांनी मला उचलून जुन्या जागी नीट ठेवलं.

चिमीचा पुढचा ताप मेंदूत चढला. दवाखान्यातून बाई एकटीच परतली. मग तिनं खोलीही सोडली.

आता तिथं नवं बिऱ्हाड आलंय. त्यांच्या तान्ह्याची झबली माझ्या पाठीवर वाळत घालतात. पत्रा तापलेला असतो, लवकर वाळतात. ती उचलताना कुणीतरी मलाही उचलावं, हातभर सरकवावं, एवढीच विनंती.

बाईचा अर्ज विचाराधीन आहे.