खडीतलं पाच नंबरचं गाणं

संशय घ्यायला किशोर भोईरला कारण लागत नसे. दूधवाल्याने मापाच्या वर ओतलं तरी हा पातेल्यात वाकून बघायचा, आज एवढा उदार का म्हणून. वाशिंदच्या कारखान्यात तो वीस वर्षं स्टोअर सांभाळत होता, तिथे हा गुण उपयोगी पडला असेल. घरात मात्र बायको आणि मुलगी दोघी त्याला कंटाळल्या होत्या.

त्या दिवशी मात्र कारण खरोखरचं होतं. कॅन्टीनमध्ये समोरच्या बाकावर हेतल बसली होती. ऑफिसात नवीनच लागलेली पोरगी, घर टोकावड्याकडचं. चहाची वाट बघत ती चमच्याने स्टीलच्या ग्लासावर काहीतरी वाजवत होती. ठणठण ठण, ठणण ठण. किशोरचा घास तोंडातच राहिला. ते त्याचं होतं. त्याने स्वतः, स्वतःच्या गिटारवर, विसेक वर्षांपूर्वी बसवलेलं.

"हे कुठं ऐकलंस?" त्याने विचारलं.

"हे? हळदीचं आहे ना," हेतल म्हणाली. "आमच्याकडं सगळ्यांच्या हळदीला असतं."

आता हे कसं शक्य होतं ते तुम्हीच सांगा. २००४ साली चार पोरांनी मिळून 'आडबाजू' नावाचा बँड काढला होता आणि 'खडी' नावाचा आठ गाण्यांचा अल्बम केला होता. मराठीत, पण रॉक. गिटार करवतीसारखी ओरडायची आणि किशोर तिच्यावरून ओरडायचा. ऑर्केस्ट्रावाले म्हणाले, यावर नाचता येत नाही. भजनवाले म्हणाले, यावर बसवतही नाही. पाचशे सीड्या काढल्या, त्यातल्या दीड-दोनशे पाहुण्यारावळ्यांना वाटल्या, उरलेल्या २००५ च्या पुरात किशोरच्या घरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या. त्याच्याकडे एकसुद्धा राहिली नाही. पुढच्या वर्षी ड्रम वाजवणाऱ्या रघूने कुणालाही न विचारता ड्रम विकून टाकले आणि लग्नात भाड्याने द्यायला स्पीकर आणले. किशोरने त्याला तोंडावर चोर म्हटलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बाकीचे दोघे, एक आखातात गेला आणि एक देवाघरी.

आणि जगाने ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ते गाणं म्हणे हळदीला.

घरी येऊन त्याने मुलीला, मनस्वीला, शोधायला लावलं. दोन मिनिटांत सापडलं. 'रघू साउंड, टोकावडे' नावाचं यूट्यूबचं चॅनल, त्यावर एकच गोष्ट टाकलेली, खडीतलं पाच नंबरचं गाणं. चाळीस हजारांवर लोकांनी ऐकलेलं. खाली रघूचा फोन नंबर आणि लोकांची वाक्यं. 'ताईच्या हळदीची आठवण आली.' 'याच्याशिवाय आमच्यात हळद लागत नाय.'

"बाबा, तुमचं गाणं एवढं चालतंय," मनस्वी म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता.

"चालत नाहीये, चालवतोय कुणीतरी," किशोर म्हणाला. "खडीच्या रस्त्यावर आणि सेकंड शिफ्टवर आहे ते गाणं. हळदीला कोण लावेल? ही माणसंच खोटी असणार. आणि नंबर बघ कसा ठळक टाकलाय. माझ्या गाण्यावर धंदा."

सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. ड्रम विकणारा माणूस गाणंही विकणारच, हे त्याने त्याच रात्री ठरवून टाकलं. मनात एक बारीकशी गोष्ट वळवळत होती, की चाळीस हजार लोकांनी खरंच ऐकलं असेल तर? पण ती त्याने दाबली. कधी नव्हे ते काही चांगलं झालं की त्याला आधी भीतीच वाटायची. मनस्वी नको नको म्हणत असताना त्याने तिच्याकडून तक्रार लिहून घेतली. गाणं माझं, शब्द माझे, परवानगी नाही. सीडीच्या कव्हरवर त्याचं नाव होतं, त्या कव्हरचा जुना फोटो जोडला. चौथ्या दिवशी गाणं तिथून उडालं.

एवढ्यावर तो थांबला असता तर तो किशोर कसला. त्याला रघूचा चेहरा बघायचा होता. हेतलकडून कळलं की रविवारी टोकावड्याच्या पुढे भिमा शेलाराच्या सोनालीची हळद आहे आणि साउंड रघूचाच आहे. किशोरने मोटरसायकल काढली. शहापूर मागे टाकलं, सापगावचा पूल ओलांडला, मुरबाडला चहा घेतला आणि सगळी वाट मनात वाक्यं घासत राहिला. चोर कोण, हे आता चारचौघांत दाखवायचं.

तो पोचला तेव्हा अकरा वाजले होते. मांडवात बायका दाटीने बसल्या होत्या. सोनाली पाटावर, समोर हळदीची वाटी, आणि वाटीला कुणी हात लावत नव्हतं. कोपऱ्यात दोन स्पीकर उभे, आणि त्यांच्यामागे एक टक्कल पडलेला माणूस फोनवर अंगठा घासत बसला होता. अठरा-एकोणीस वर्षांनी पाहूनही किशोरने रघूला खांद्यांवरून ओळखलं.

"लाव ना रे रघू, पोरगी कवाची बसलीय," नवरीची आई वत्सला म्हणाली.

"नाय लागत गो वयनी. उडवलंय कुणीतरी."

"मग दुसरं कुठलंही लावा की," किशोर पुढे होऊन म्हणाला. हे वाक्य त्याने मुद्दाम टाकलं होतं, रघू कसा दचकतो ते बघायला.

रघू दचकला, पण भलत्याच तऱ्हेने. त्याचे डोळे एकदम भरले. "किशा? तू आलास?"

उत्तर द्यायला वत्सलाच पुढे झाली. "दुसरं कसं लावायचं दादा? बाईजामावशीचा धवला हाय तो. त्याच्याबिगर आमी हळद लावत नाय."

किशोरच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. पाच नंबरचं गाणं नुसतं त्याचं नव्हतं. यूट्यूबवर त्याने ते शेवटपर्यंत ऐकलंसुद्धा नव्हतं. त्याच्या शेवटी रघूची आई गायली होती. बाईजामावशी या पट्ट्यातली धवलारीण. लग्न लावताना, हळद लावताना धवले तीच गायची, आणि तिच्या गाण्यावाचून विधी पुढे सरकत नसे. पोरांनी हट्ट धरून तिला रेकॉर्डिंगला नेलं होतं. तिचा एकच नियम होता, धवला मधून तोडायचा नाही, जिथून सुरू झाला तिथून पुरा करायचा. गिटार थांबण्याआधीच तिने सूर लावला, आणि मग तो वेगळा तिने काही केल्या काढू दिला नाही.

"चार वर्सं झाली आयशीला," रघू म्हणाला. "अर्धं अंग गेलं, वाचा गेली. पट्ट्यात दुसरी धवलारीण नाय. मग तुजी सीडी लावायला लागलो. ती झिजली, तवा फोनात घेतलं, फोन बिघडायला लागला, तवा चॅनल काढलं. लोकं पण आयशीगतच. सुरुवातीपासून लाव म्हनतात, तोडू नको. आता ते ठणठण झाल्याबिगर बायका हळदीला हात लावत नाय. पोरींना वाटतं, ते पयल्यापासूनच असतंय."

किशोरने वळून पाहिलं. खांबाशी खुर्चीत बाईजामावशी बसली होती. चेहरा एका बाजूला ओढलेला, डोळे मात्र तेच, रोखून बघणारे.

"कुनाच्या पोटात दुखलं कोन जाने," रघू म्हणाला. "तिचा आवाज तेवढाच उरलेला."

खरं म्हणजे तेव्हाच बोलायचं. किशोरला ते कळत होतं. पण मांडवातल्या सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या.

"मी म्हणतो," तो म्हणाला. "तोंडाने म्हणतो. तुम्ही धवला धरा."

रघूने चुना कालवायचं घमेलं पालथं घातलं आणि दोन काठ्या घेतल्या. किशोरने तोंडाने गिटार सुरू केली. चाळिशी उलटलेला, टापटीप शर्टातला स्टोअरकीपर भर मांडवात ठणठण ठणण करत होता, आणि एकही बाई हसली नाही. चार फेऱ्या करून तो शब्दांवर आला. "खडी टाकली, रस्ता नाय..."

बाईजामावशीने चालता हात वर केला. सगळं थांबलं.

"आठ," रघू खाली मान घालून म्हणाला. "आठ फेऱ्या हायेत. तू चारच केल्यास. पुन्ना पयल्यापासून."

तो पुन्हा पहिल्यापासून लागला. आठही फेऱ्या केल्या. मग ते शब्द, जे त्याने तेविसाव्या वर्षी शिफ्ट सुटल्यावर लोकलच्या पासाच्या पाठीवर लिहिले होते आणि ज्यांची नंतर त्याला लाज वाटत आली होती. ते म्हणायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, मागच्या रांगेतल्या पोरी ते पुटपुटत आहेत. त्यांना त्याच्यापेक्षा चांगले पाठ होते. तिसऱ्या कडव्याला तो अडखळला तर त्यांनीच पुढे नेलं. आणि गिटारची जागा संपायच्या आत वत्सलाने सूर लावला, "हळद गो दळिली, मांडवदारी दळिली," आणि सगळ्या बायका तिच्यामागे उठल्या. सोनालीच्या गालाला हळद लागली. किशोरला इतका आनंद झाला की त्याला रडू आलं, आणि त्या रडण्यात निम्मी भीती होती.

जेवणाच्या पंगती बसल्या तशी त्याने रघूला स्पीकरमागे गाठलं.

"तक्रार मी केली," तो म्हणाला. "मला वाटलं, तू गाण्यावर धंदा करतोयस."

रघू काठ्या हातात धरून उभा राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला इचारायचंस."

"नंबर..." किशोरने तोंड उघडलं आणि मिटलं. नंबर चॅनलवर होता. त्याने तो पाहिला होता, मुलीला दाखवलाही होता, चोरीचा पुरावा म्हणून.

"तक्रार मागे घेता येते," तो घाईने म्हणाला. "गाणं परत दिसायला लागतं. मनस्वीला आत्ता सांगतो. माझी मुलगी. आजच करेल ती."

"कर."

किशोरने फोन काढला, मनस्वीचा नंबर लावला आणि फोन कानाला नेऊ लागला. रघू एक पाऊल जवळ आला. त्याच्या नजरेत जे होतं ते किशोरच्या चांगल्या ओळखीचं होतं. रोज दूधवाल्याकडे तो तसाच बघायचा.

"स्पीकरवर टाक," रघू म्हणाला. "काय बोलतोस ते मला ऐकू दे."

किशोरने फोन स्पीकरवर टाकला.